माकडताप : गोचीड लहान, दुखणे मोठे

काजूचा हंगाम आला की सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माणसांचा दिवस रानातच जातो. बोंडे वेचायची, पातेरा गोळा करायचा, सरपण आणायचे. २०१६ साली याच दिवसांत केर गावाच्या परिसरात तापाची साथ आली. आदल्या वर्षी शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यातील पाली गावातही असेच रुग्ण आढळले होते. हा ताप साधा नव्हता. तो माकडताप होता.

या रोगाची ओळख प्रथम पटली १९५७ साली, कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधून काढला.

दोष माकडाचा नाही

नाव माकडाचे असले, तरी माणसाला रोग देते ती गोचीड. माकड स्वतःच या रोगाचा बळी असते. ते मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. खसखशीच्या दाण्याएवढी त्यांची पिल्ले नोव्हेंबर ते मे या काळात फार असतात. माणसांची रानातली कामेही तेव्हाच चालतात. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा रोग होत नाही.

अमेरिकेत गोचिडीमुळे होणारा लाइम रोग जिवाणूंचा असतो. वेळेवर प्रतिजैविके दिली की तो सहसा बरा होतो. माकडतापावर असे नेमके औषध नाही. जुनी लस पुरेशी प्रभावी न राहिल्याने तिचा वापर थांबला. म्हणून सारी भिस्त आहे ती चावा टाळण्यावर.

लक्षणे ओळखा

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके, कंबर आणि स्नायू विलक्षण दुखतात, उलट्या होतात. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. काहींना बरे वाटल्यावर पुन्हा ताप येऊन कंप किंवा भ्रम होतो. शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. वेळीच रुग्णालयात नेऊन शुश्रूषा केली, तर बहुतेक जण बरे होतात.

ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि आपण रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बेंगळुरूच्या शिवाजीनगरसारख्या गजबजलेल्या वस्तीतून सुट्टीत मलनाडच्या जंगलात फिरायला जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे विसरूच नये. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात गोचिडीचा विचार चटकन येईलच असे नाही.

एवढे कराच

• रानात जाताना पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घाला. पायजमा मोज्यांत खोचा. उघड्या अंगाला कीटकरोधक मलम किंवा तेल लावा.

• पाचोळ्यावर बसू किंवा निजू नका.

• घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा. काखा, जांघा, कानामागे आणि केसांत नीट पाहा. मुलांना स्वतः तपासा.

• गोचीड चिकटलेली दिसली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. ती चिरडू नका. तेल किंवा चटका देऊ नका. मग जागा साबणाने धुवा.

• गुरांच्या अंगावरच्या गोचिडींचा पशुवैद्यांच्या सल्ल्याने बंदोबस्त करा. रानातला पातेरा गोठ्यात अंथरू नका.

• मेलेले माकड दिसले, तर त्याला हात न लावता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

या शेवटच्या सूचनेकडे सहज दुर्लक्ष होते. पण माकडाचे मरण ही गावाला मिळालेली पहिली सूचना असते. ती वेळीच पोचली, तर त्या जागेवर फवारणी होते, लोकांना सावध करता येते आणि एखाद्या घरचे माणूस वाचते.