सर्व्हे नंबर बारा मार्च : स्वल्पविरामाने तोडलेल्या याद्यांविषयी

आमच्या पालघर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत याद्यांना फार महत्त्व आलं आहे. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका, वाढवणचं बंदर. प्रकल्प कोणताही असो, माणसाच्या हातात आधी पडते ती यादी. गाव, खातेदाराचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, रक्कम. आधीच्या काळातही हेच झालं. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. यादीत नाव नीट असणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

अशीच एक यादी माझ्या हातून बिघडली. ती कशी बिघडली हे शोधताना ज्या फाइल-प्रकाराशी ओळख झाली, त्याविषयी हा लेख आहे.

मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बरीच वर्षं स्टोअरकीपर होतो. संगणक मला कुणी शिकवला नाही. मालाची नोंद ठेवता ठेवता जुनी पुस्तकं चाळून पीएचपी ही भाषा शिकलो. वेबपानामागे राहून काम करणारी ही भाषा रासमुस लेरडॉर्फ या माणसाने १९९४ साली स्वतःपुरती घडवायला घेतली. आपलं पान कोण बघून जातं एवढंच त्याला मोजायचं होतं. घरगुती गरजेतून जन्मलेली म्हणून असेल, पण माझ्यासारख्या बिनडिग्रीच्या माणसाला ती परकी वाटली नाही.

जवळच्या एका गावातल्या लोकांना अर्जासोबत आपली स्वतःची यादी जोडायची होती. मी एक साधा फॉर्म तयार केला. गावातल्या पोरांनी मोबाइलवरून घरोघरची माहिती भरली, माझ्या प्रोग्रॅमने ती सीएसव्ही फाइलमध्ये लिहिली, मी ती एक्सेलमध्ये उघडून छापली. दोनशेच्या आसपास ओळी होत्या. सकाळी एक प्रत कार्यालयात दिली आणि संध्याकाळी दुसरी प्रत घेऊन समाजमंदिरात गेलो. एक मुलगा मोठ्याने वाचत होता. एका आजींचं नाव आलं आणि त्याने पुढे वाचलं, "बारा मार्च."

आजी म्हणाल्या, "मार्च कसला रे? आमचा बारा-तीन."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी कागद हातात घेतला. आजींच्या सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ या जमिनीच्या जागी एक तारीख छापली होती. खाली शोधत गेलो तर अशा वीसेक ओळी निघाल्या.

स्वल्पविरामाचं काम

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या नोंदींची फाइल. तिच्यात एका ओळीत एक नोंद असते आणि नोंदीतले रकाने स्वल्पविरामाने वेगळे होतात. रेघा, रंग, ठळक अक्षर यांपैकी काहीच नसतं. आपण सामान आणायला चिठ्ठी लिहितो तितकी ती साधी असते. साधी म्हणूनच टिकली. आयबीएमच्या फोरट्रानमध्ये स्वल्पविरामाने तोडलेली माहिती वाचण्याची सोय १९७२ पासून आहे, आणि आजही बँक असो की पतपेढी, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात यादी न्यायची तर बहुतेक वेळा हीच फाइल पुढे येते.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. स्वल्पविराम मुळात आपला नव्हे. मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. कुठे तोडायचं हे वाचणारा ठरवी. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची आहे. मोडी वाचणारा कारकून संदर्भावरून शब्द तोडत असे. यंत्राला संदर्भ नसतो, त्याला फक्त खूण कळते.

आता अडचण पाहा. स्वल्पविराम ही रकान्याची भिंत, पण तोच स्वल्पविराम रकान्याच्या आतही येतो. 'मु. पो. नांदगाव, ता. पालघर' हा एकच पत्ता आहे; यंत्र त्याचे दोन रकाने करतं. रकमेचं तर विचारूच नका. एक लाख पंचवीस हजार आपण १,२५,००० असे लिहितो. ती रक्कम अशी फाइलमध्ये गेली :

नांदगाव,१२/३,१,२५,०००

तर रकमेच्या रकान्यात एक रुपया उरतो, पुढच्या रकान्यात पंचवीस आणि त्यापुढे तीन शून्यं. (माझ्या फाइलमध्ये आकडे इंग्रजी होते, इथे छापताना देवनागरी केले आहेत.) कुठेही 'चूक' अशी पाटी लागत नाही.

यावर तोडगा असा की, आत स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत बांधायचा :

नांदगाव,१२/३,"१,२५,०००"

मग पुढचा प्रश्न, मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर? स्टोअरमध्ये हा रोजचा प्रश्न होता, कारण इंचाची खूण तीच. दोन इंची पाइप म्हणजे २". त्यासाठी नियम असा की आतलं चिन्ह दोनदा लिहायचं. हे सगळं हाताने करायला गेलं की कुठेतरी विसरतंच. सुरुवातीला मीही रकाने नुसते स्वल्पविरामाने जोडून ओळ लिहीत असे आणि महिनाअखेरीस पाइपांचा हिशेब जुळत नसे.

पीएचपीत याच कामासाठी एफपुटसीएसव्ही नावाचं तयार फंक्शन आहे. 'एफ' म्हणजे फाइल आणि 'पुट' म्हणजे ठेव. त्याला उघडलेली फाइल आणि रकान्यांची रांग दिली की कुठे अवतरण लावायचं, कुठे दुप्पट करायचं, ते तेच बघतं. हे फंक्शन २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, पीएचपीच्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २००५ मध्ये, सीएसव्हीचे नियम प्रथम आरएफसी ४१८० या टिपणात नीट मांडले गेले. म्हणजे तेहतीस वर्षं जग हा प्रकार नुसत्या रिवाजावर वापरत होतं. टिपणही सक्तीचं नव्हे, माहितीपर आहे.

या फंक्शनमध्ये एक जुनी खोड मात्र आहे. उलट्या तिरक्या रेघेला ते खास मान देतं. तिच्यापाठोपाठ अवतरणचिन्ह आलं तर ते दुप्पट करत नाही आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला ओळ चुकीची कळते. म्हणून त्याला द्यायच्या माहितीतली पाचवी जागा मुद्दाम रिकामी अक्षरमाला देऊन भरावी. २०२४ च्या ८.४ आवृत्तीपासून ही जागा तशीच सोडली तर पीएचपी स्वतःच हटकतं. आणि फाइल उघडताना 'डब्ल्यू' हे अक्षर दिलं तर पाटी आधी पुसली जाते. जुन्या ओळींखाली नवी ओळ हवी असेल तर 'ए' द्यावं. पहिल्या आठवड्यातली माझी बरीच मेहनत याच एका अक्षराने गेली.

मराठी अक्षरांचं काय होतं

दिवाळी अंक काढणाऱ्यांना श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांचा काळ आठवत असेल. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की भलतीच चिन्हं दिसत. युनिकोडने तो प्रश्न बराचसा सोडवला, पण सीएसव्हीत तो मागच्या दाराने परत येतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतं. 'पालघर'मध्ये काना धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. फाइल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे हे मात्र फाइलवर कुठेच लिहिलेलं नसतं. एक्सेलने तिला जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची समजलं तर पंधरा बाइटांची पंधरा परकी चिन्हं दिसतात आणि पालघर ओळखू येत नाही. उपाय म्हणून फाइलच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक खूण लिहितात. ती एकदाच, नवी फाइल तयार होतानाच लिहावी. दर वेळी लिहिली तर ती यादीच्या मध्येच कुठेतरी अडकून बसते.

बारा मार्च

एवढं सगळं मी केलं होतं. पत्ते शाबूत होते, रकमा शाबूत होत्या, अक्षरंही नीट होती. मग आजींची जमीन तारीख कशी झाली?

फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिली. तिथे १२/३ व्यवस्थित होतं. म्हणजे लिहिताना चूक नव्हती; उघडणाऱ्याने ती केली. सीएसव्ही रकान्याची हद्द सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. हा आकडा जमिनीचा, हा पैशाचा, हा खात्याचा, असं काही तिच्यात नसतं. एक्सेल मग अंदाज करतं, आणि १२/३ दिसलं की त्याला तारीख वाटते. अवतरणचिन्हांत बांधलं तरी उपयोग नाही, कारण ती चिन्हंही हद्दीचीच आहेत.

यातली वाईट गोष्ट अशी की सगळ्या ओळी बिघडत नाहीत. ४५/१६ मधून तारीख निघत नाही, ते तसंच राहतं. ७/२, ५/११, १२/३ तेवढे बदलतात. पहिलं पान चाळून पाहणाऱ्याला यादी ठीकच वाटते. शिवाय एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत साठवतं. २०२४ चा बारा मार्च त्याच्या लेखी ४५३६३ आहे. कुणी 'दुरुस्ती' म्हणून रकान्याचा प्रकार बदलून आकडा केला तर सर्व्हे नंबर ४५३६३ तयार होतो. फाइल एकदा तशीच जतन केली की मूळ नंबर त्या फाइलमधून गेलेला असतो.

बँकेच्या खाते क्रमांकांचीही हीच गत. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात. ज्या यादीवरून पैसे जमा व्हायचे, तिच्यात हे घडलं तर काय, ते सांगायला नको.

आपण अडाणी म्हणून असं झालं, असं मला काही दिवस वाटत होतं. मग कळलं की माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीलाही याच कारणाने हार मानावी लागली. 'मार्च-१', 'सेप्ट-१' या जनुकांच्या इंग्रजी लघुनामांच्या एक्सेलमध्ये तारखा होत. शोधनिबंधांच्या जोडपत्रांत त्या तशाच छापल्या जात. शेवटी २०२० मध्ये समितीने जनुकांचीच नावं बदलली. जनुकाचं नाव समितीला बदलता आलं. आजींच्या जमिनीचा नंबर कोण बदलणार?

मी यादी पुन्हा लिहिली. सर्व्हे आणि हिस्सा यांचे दोन वेगळे रकाने केले. हिस्स्याच्या आधी 'हि.' हे अक्षर आणि खाते क्रमांकाच्या आधी 'खा.' लिहिलं. अक्षर दिसलं की एक्सेल त्याला आकडा किंवा तारीख समजत नाही. फाइल थेट न उघडता एक्सेलच्या आयात करण्याच्या सोयीतून घेऊन प्रत्येक रकाना 'मजकूर' आहे असं सांगितलं, तरी हेच साधतं. पण यादी पुढे कोणाकडे जाईल आणि तो ती कशी उघडेल, हे आपल्या हातात नसतं. म्हणून खबरदारी फाइलमध्येच असलेली बरी.

नवी यादी घेऊन पुन्हा समाजमंदिरात गेलो आणि पहिल्या ओळीपासून वाचून घेतली. महसूल खात्याच्या रिवाजात याला चावडीवाचन म्हणतात. सातबाराच्या संगणकीकरणातही गावोगाव ते करावं लागलं. या दुसऱ्या वाचनात आणखी दोन चुका निघाल्या. चुलत्या-पुतण्यांचं नाव एकच असल्याने एक ओळ दुबार समजून मीच गाळली होती. आणि एका ठिकाणी गावाच्या रकान्यात नुसतं 'तारापूर' होतं. आमच्याकडे तारापूर म्हणजे खाडीवरचं गाव, बोईसरची औद्योगिक वसाहत किंवा अणुवीज केंद्र, यांपैकी काहीही असू शकतं. यातली एकही चूक कोणत्याही फंक्शनला सापडली नसती.

दुसऱ्या दिवशी नवी प्रत कार्यालयात दिली आणि पोच घेतली. जुनी प्रत परत मागितली, पण आलेला कागद परत देता येत नाही. त्यांचंही बरोबर आहे. ती तिथेच कुठल्या तरी फायलीत असेल. मी नव्या प्रतीवर 'आधीची यादी रद्द समजावी' असं हाताने, मोठ्या अक्षरात लिहून खाली सही केली आहे. पोचेची झेरॉक्स आजींनी मागून घेतली. ती त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.