उंचीची मात्रा

नागपूर सपाटीवरचं शहर, पण आता ते उंचावरून चालतं. वर्धा रोडवर रस्त्याच्या वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. उंचावर गेलं की ज्याला घेरी येते, पोटात गोळा येतो, त्याला इथं रोजचं जाणं-येणंही जड जातं. तो मेट्रो टाळतो, दहाव्या मजल्यावरच्या नातेवाइकांचं घर टाळतो. टाळल्यामुळे भीती आणखी मुरते. तिथं थांबूनही काही झालं नसतं, हे मेंदूला कधी कळतच नाही.

म्हणून मुख्य उपचार हाच: बेताबेतानं सामोरं जाणं. अडचण अशी, की खऱ्या गच्चीची उंची रुग्णाला झेपेल तशी कमी-जास्त करता येत नाही. व्हीआर म्हणजे आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये ती करता येते. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यामुळे खोली जाणवते. मान वळवली की दृश्यही वळतं. पाय फरशीवर आहेत हे ठाऊक असूनही तळहात घामेजतात. समुपदेशक विचारतो, भीती शून्य ते शंभरात किती? आकडा उतरू लागेपर्यंत तिथंच उभं राहायचं. मग पुढचा मजला.

बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी अमेरिकेत हा प्रयोग विद्यार्थ्यांवर केला. निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. आभासी पूल, सज्जे आणि ४९ मजले चढणारी काचेची लिफ्ट होती. उपचार पुरे करणाऱ्या दहापैकी सात जण, कुणी सांगितलेलं नसताना, आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले. मला या अभ्यासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. हेडसेटमधलं धैर्य हेडसेट काढल्यावरही टिकलं.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी शंभर जणांच्या चाचणीत मानवी समुपदेशकाच्या जागी आभासी मार्गदर्शक ठेवला. दहा मजली आभासी इमारतीत झाडावर अडकलेलं मांजर सोडवण्यासारखी कामं होती. उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. तुलनेतल्या गटाला मात्र नेहमीचीच सेवा मिळत होती, म्हणजे बहुतेकांना काहीच नाही. हा आकडा वाचताना ते ध्यानात ठेवावं. फिट येणाऱ्यांनी किंवा कानाच्या विकारामुळे भोवळ येणाऱ्यांनी हेडसेट लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

नागपुरात १८६४ पासून मनोरुग्णालय आहे. हेडसेट आता मोबाइलच्या किमतीत मिळतात. अशा सरकारी बाह्यरुग्ण विभागात एक तरी हेडसेट हवा. त्यातला मार्गदर्शक मराठी-हिंदीत बोलणारा हवा, आणि शेवटची सत्रं समुपदेशकानं सोबत राहून सीताबर्डी मेट्रो स्थानकाच्या वरच्या फलाटावर घ्यायला हवीत.