मधली शाळा भरते कुठे?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे सही आहे: भिवा रामजी आंबेडकर. तेच आजचे जिल्हा परिषदेचे प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवा बसला तो वर्ग ‘इंग्रजी पहिली’चा. मराठी चौथी झाली की ही इयत्ता लागे, म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवी. बाबासाहेबांची साताऱ्यातली हायस्कुलाची वर्षे ही अशी प्राथमिक आणि माध्यमिक यांच्या मधल्या शाळेची आहेत.

पण मधली शाळा नावाची पाटी ना साताऱ्यात दिसते, ना सांगलीत. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते. मग पटवर्धनी संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे सांगली झाले. दोन्हीकडचा सांगाडा सारखाच: झेडपीची किंवा पालिकेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत; संस्थेचे अनुदानित हायस्कूल पाचवी ते दहावी. पाचवी ते सातवीची मुले दोघांनाही हवीत.

का हवीत, ते मे महिन्यात कळते. चौथी पास झालेल्या पोराच्या दारात मोटरसायकल थांबते. हायस्कुलाचे दोन सर उतरतात, चहा घेतात, गणवेश-वह्यांचे आम्ही बघतो म्हणतात आणि दाखला कधी काढताय, असे हळूच विचारतात. पट घसरला की शिक्षकांच्या संचमान्यतेत पद उडते, सर ‘अतिरिक्त’ ठरतात. पालकाला वाटते, शाळा आपल्याला निवडतेय. तिकडे गावातल्या शाळेत पाचवीचा बाक रिकामा होतो, की पाठोपाठ तिचेही पद डळमळते.

शिक्षणहक्क कायद्याने पाचवी खाली ओढली आणि सहावी ते आठवीचा वेगळा गट केला. शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना स्वतंत्र शिक्षक हवेत. कागद बदलला, इमारती होत्या तिथेच राहिल्या. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली आणि आता पुन्हा मागे फिरली. (सातवीला ‘फायनल’ म्हणणारे आजोबा यावर नुसते हसतील.)

कागदाबाहेरही बदल झाले: साताऱ्यातल्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक यायचे. फरशीवर आखलेली अक्षरे, मण्यांच्या माळा, गटात बसलेली पोरे. प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावाद तिथे वर्गात उतरला. सांगली जिल्हा परिषदेने ‘माझी शाळा, आदर्श शाळा’ म्हणत इमारतींपासून सुरुवात केली. मला कुमठ्याचे काम अधिक मोलाचे वाटते, कारण रंग दोन पावसाळ्यांत उडतो. तरीही शाळा निवडताना मी भिंत आणि माळ दोन्ही बाजूला ठेवीन आणि सातवीला गणित कोण शिकवते, एवढेच विचारीन. पदवीधर शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळत अपूर्णांक उरकतात.

सांगलीतल्या जत तालुक्याच्या वाडीवस्तीवर तर निवडायला दुसरी शाळाच नसते. सातवी संपली की दाखला हातात येतो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. एसटी मात्र फाट्यावर थांबते.