रहस्यकथाकाराची कमाई

जगातल्या विक्रमांची नोंद ठेवणारा गिनीज बुक नावाचा जो जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे, त्यात एका मराठी लेखकाची नोंद झाली होती. बाबूराव अर्नाळकर यांनी १९३६ ते १९८४ या काळात १०९२ छोट्या रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या आणि शिवाय काही इतर पुस्तके लिहिली, एवढाच तिचा मजकूर. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना कोणताही आकडा दिसला की तो पाळीच्या हिशेबात बसवून पाहण्याची खोड आहे. अठ्ठेचाळीस वर्षांचे दिवस होतात साधारण साडेसतरा हजार. त्यांना १०९२ ने भागले की सोळा दिवसांना एक पुस्तक पडते. सोळा दिवसांत एक गुन्हा रचायचा, त्याचा माग लावायचा, गुन्हेगार पकडून द्यायचा, की लगेच पुढचा. असे एक-दोन वर्षे नव्हे, उभी हयात.

त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अर्नाळकर हे लेखनासाठी घेतलेले नाव. अर्नाळा म्हणजे वसईजवळचे समुद्रकाठचे किल्ल्याचे गाव. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हा भातसेकाठच्या सापगावकरांनी त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. १९९६ साली ते वारले.

आता, पारितोषिकांचे काय, असे आपण विचाराल. मराठीला ज्ञानपीठ चार वेळा मिळाले : खांडेकरांना १९७४ चे, कुसुमाग्रजांना १९८७ चे, विंदांना २००३ चे आणि नेमाड्यांना २०१४ चे. चौघेही थोर. रहस्यकथाकार त्या दारापर्यंत जाईल अशी कल्पनाही आपल्याकडे कोणी केली नाही, मग ‘नाकारले’ असे तरी कसे म्हणावे? सुशिक्षितांच्या घरात अर्नाळकर वाचले जात, पण उशीखाली ठेवून. पाहुणे आले की टेबलावर दुसरे पुस्तक येई.

इतर देशांत काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. जॉन क्रीझी नावाचा इंग्रज लेखक होता. गरिबीतून वर आलेला, आणि सहाशेच्या आसपास पुस्तके लिहिणारा. म्हणजे आपल्या अर्नाळकरांचाच जातभाई. या गृहस्थाने १९५३ साली रहस्यकथाकारांची एक संघटना उभी केली. (आमच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे पुस्तक हेच!) ही संघटना दरवर्षी उत्तम रहस्यकादंबरीला पारितोषिक देते, आणि त्याचे नावही मोठे झोकदार, सोन्याचा खंजीर. अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांची संघटना त्याआधीची, १९४५ ची. तिचे पारितोषिक एडगर ॲलन पो याच्या नावाने दिले जाते, आणि १९६२ साली ते याच क्रीझीला मिळाले. अगाथा ख्रिस्तीबाईंना त्या संघटनेने १९५५ साली आपला पहिला महागौरव दिला. म्हणजे प्रतिष्ठितांनी ओसरीवर घेतले नाही तेव्हा या लेखकांनी स्वतःची ओसरी बांधली. मराठी रहस्यकथाकार मात्र आपापल्या खोलीत एकटा लिहीत बसला.

आणि इंग्लंड-अमेरिका तरी कशाला? बंगालीतला प्रसिद्ध सत्यान्वेषी ब्योमकेश बक्षी ज्यांनी निर्माण केला, ते शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली सिनेमाच्या कथा लिहिण्यासाठी मुंबईला आले आणि पुढे १९५२ पासून पुण्यात राहिले. त्यांना १९६७ साली रवींद्र पुरस्कार मिळाला, परंतु तो ‘तुंगभद्रार तीरे’ या ऐतिहासिक कादंबरीसाठी. बंगालने लेखकाला मान दिला, त्याच्या हेराला बाहेर उभे ठेवले. तरीही कलकत्त्याच्या विद्वानाला ब्योमकेश वाचतो हे सांगताना लाज वाटत नाही, हा फरक उरतोच.

अर्नाळकरांनी लिहिले काय? इंग्रजी कथांचे त्यांच्यावरचे ऋण उघड आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. शेरलॉक होम्स १८८७ साली छापून आला, फ्रेंचांचा सज्जन चोर आर्सेन ल्यूपँ १९०५ साली, आणि एडगर वॉलेसच्या कादंबऱ्यांचा तर १९३२ साली तो मरेपर्यंत कारखानाच चालू होता. या मालातून अर्नाळकरांनी मराठी माणसे घडवली. धनंजय आणि त्याचा सोबती छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. झुंजार हा मात्र ल्यूपँच्या कुळातला : पोलिसांना चकवणारा, दुष्ट श्रीमंताला लुटणारा, आणि विजयेसारखी धीराची बायको बरोबर असलेला. तिसरा काळापहाड, त्याच्या नावानेच वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

या दोन प्रकारांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. धनंजयाची कथा ही कोड्याची कथा. तिच्यात लेखक शेवट आधी ठरवतो आणि उलटा चालत सुरुवातीला येतो. वाटेत पुरावे टाकत येतो, पण ते अशा ठिकाणी की वाचकाने त्यांवर पाय देऊन पुढे जावे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने १९२९ साली अशा कथेचे दहा नियमच घालून दिले. त्यांचे सार हे की हेराला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवू नये. झुंजारच्या कथेला हा नियम लागू नाही. तिथे चोर कोण हे पहिल्या पानावरच ठाऊक असते; तो सुटतो कसा, एवढीच उत्कंठा. गिरणगावच्या खोलीत एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत, तेव्हा झुंजारला मागणी अधिक असे, आणि त्याचे कारण समजायला पंडित नको. ज्याचे अर्धे पगारपत्रक पठाणाच्या आणि वाण्याच्या वहीत जमा, त्याला सावकाराची तिजोरी फोडणारा आवडणारच. पुस्तकी टीकाकार याला पलायन म्हणतात. आठ तास साच्यावर उभे राहून आलेल्या माणसाने दोन तास पळावे, तर कोणाचे काय बिघडले?

आम्ही शाळेत फार दिवस टिकलो नाही. अक्षरे शाळेने दिली, पण सलग शंभर पाने वाचण्याचा दम दिला तो रस्त्यावर मांडलेल्या फाटक्या रहस्यकथांनी आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तक देणाऱ्या दुकानाने. पुढे त्याचा उपयोगही झाला. एका कारखान्यात रात्रपाळीच्या हेल्परवर तांब्याची तार चोरल्याचा आरोप ठेवला होता. खात्याच्या चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने उभे होतो. सुपरवायझरने जबानी दिली की अडीच वाजता खांबावरच्या दिव्याच्या उजेडात त्याला भिंतीशी पाहिले. धनंजय वाचलेल्या माणसाला एक सवय लागते : साक्षीदाराने काय पाहिले हे पुढचे, त्याला दिसणे शक्य होते काय हे आधीचे. आम्ही वीजखात्याची नोंदवही मागितली. दोन ते तीन त्या बाजूची लाइन बंद होती. हेल्पर कामावर परत आला.

आता लेखकाच्या मजुरीबद्दल, कारण हा आमचा खरा विषय. या धंद्यात हस्तलिखित एकरकमी विकून मोकळे होण्याची चाल फार. म्हणजे नगावर मजुरी. पुस्तक पुन्हा किती वेळा छापले याच्याशी लेखकाचा संबंध उरत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने पुष्कळ बोलतो. हक्क दुसऱ्यास द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. या हिशेबाने अर्नाळकरांच्या लेखनावरचा हक्क २०५६ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. पण कायदा कपाटात असतो आणि गरज दारात उभी असते. पन्नास रुपये आज हवे असलेला माणूस मुदतीचे कलम वाचत बसत नाही, हे कंत्राटी कामगारांत आम्ही रोज पाहतो.

अर्नाळकरांच्या मागून गुरुनाथ नाईक आले. त्यांची पुस्तकेही हजारावर गेली, २०२१ साली ते निवर्तले. पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे नायक उभे केले, पण आज त्यांचे नाव घेतले की लोकांना आठवते ती ‘दुनियादारी’, म्हणजे रहस्य नसलेली कादंबरी. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटले; त्याच दशकात घरोघर टेलिव्हिजन आला. अर्नाळकरांची नोंद १९८४ ला थांबते. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते हे खरे, परंतु खोलीत मोठ्याने वाचणारा आणि ऐकणारा वर्गच उठून गेला होता, हेही आमच्या मते तितकेच खरे.

ही पुस्तके हलक्या कागदावर छापली गेली आणि वाचून वाचून फाटली. जी उरली ती रद्दीच्या तराजूत गेली. सापगाव-शहापूरकडची पुष्कळ माणसे मुंबईला कामाला होती, आसनगावहून लोकलने जात-येत असत, आणि त्यांच्या पिशवीतून ही पुस्तके गावात आली. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर ट्रंकेत एखादी प्रत असेल, त्यांनी ती काढून टाकण्याआधी पुस्तकाचे नाव, साल, प्रकाशक आणि छापील किंमत एवढे तरी लिहून द्यावे. मुखपृष्ठ नसेल तर पहिले वाक्य उतरवावे, त्यावरून पुढे ओळख पटवता येते. त्यासाठी दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पेन्सिल दोरीने बांधली आहे.