मानाग्वाच्या शाळेत जन्मलेलं व्याकरण

निकाराग्वाची राजधानी मानाग्वा. १९७७ साली तिथे विशेष शाळा सुरू झाली आणि पन्नासेक कर्णबधिर मुलं प्रथमच एकत्र आली. तोवर घरच्यांशी ठरलेल्या मोजक्या खाणाखुणा, एवढीच त्यांची भाषा. शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत. त्यात फारसं यश आलं नाही. मुलांची भाषा घडली ती खेळाच्या मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये.

१९८६ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जूडी केगल तिथे पोचल्या, तेव्हा मागाहून आलेली लहान मुलं मोठ्यांपेक्षा सफाईने खुणा करताना दिसली.

हा फरक नेमका कुठे होता? अ‍ॅन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना आणि मोठ्यांना एक कार्टून दाखवलं. त्यात बोलिंगचा चेंडू गिळलेलं मांजर उतारावरून गडगडत जातं. पहिल्या पिढीतल्या बहुतेकांनी हात गोल फिरवत एकाच झटक्यात खाली आणला. डोळ्यांना दिसलं तसंच. नंतरच्या मुलांनी मात्र त्या घटनेचे दोन तुकडे केले: आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली जाणं’. सुट्या घटकांतून वाक्य बांधायचं, हा तर प्रत्येक भाषेचा पाया! तो त्यांना कोणीही शिकवला नव्हता. २००४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

व्याकरणाची क्षमता उपजत असते, असं नोम चॉम्स्की १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून मांडत आले. आपल्या घरातली लहान मुलंही ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात. मोठ्यांची निव्वळ नक्कल असती, तर हे रूप आलं कुठून?

पण दुसरी बाजूही भक्कम आहे. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना बनावट शब्दांचा सलग प्रवाह ऐकवला. अवघ्या दोन मिनिटांत, कोणत्या ध्वनीमागून कोणता येतो एवढ्याच आधारावर, बाळांनी शब्दांच्या सीमा ओळखल्या. म्हणजे मूल ऐकलेल्यातूनही पुष्कळ काही वेचतं.

निकाराग्वाची साक्ष या दोन्ही टोकांच्या मधली आहे. घरात एकट्या पडलेल्या कर्णबधिर मुलाच्या खुणांनाही थोडे नियम असतात, पण त्यांची पूर्ण भाषा होत नाही. त्यासाठी सोबत लागते, आणि ती कोवळ्या वयात लागते. मानाग्वात मोठेपणी दाखल झालेल्यांना नंतरच्या मुलांची सफाई आली नाही.

म्हणूनच, खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, या भीतीपोटी पालकांनी आणि शाळांनी सांकेतिक भाषा लांबणीवर टाकू नये. कर्णबधिर बाळाला ती पहिल्या वर्षापासूनच मिळायला हवी.