हळदीला बी का धरत नाही? केंद्रकातल्या 63 गुणसूत्रांची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यात वसमत, औंढा, कळमनुरी या भागात पावसाळा सरत आला की हळदीला फुले येतात. फूल देखणे असते, पण त्यातून लावण्याजोगे बी काही हाती लागत नाही. म्हणून दरवर्षी एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणे राखून ठेवावे लागते, नाहीतर विकत आणावे लागते. ज्वारी-सोयाबीनसारखे पिशवीभर बी आणून पेरले, असे हळदीत होत नाही. याचे कारण जमिनीत नाही आणि हवामानातही नाही. ते हळदीच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात आहे.

केंद्रक म्हणजे पेशीतली ती गोल पिशवी, जिच्यात डीएनए असतो. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान जागेत. हे जमते कारण धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि त्या रिळांच्या माळेचे पुन्हा वेढे पडलेले असतात. असा एकेक लांब धागा म्हणजे एकेक गुणसूत्र.

गुंडाळी कुठे घट्ट, कुठे सैल, यालाही अर्थ आहे. जे जनुक वापरायचे तिथला भाग मोकळा असतो, नको तो आवळून ठेवलेला. पान आणि गड्डा यांच्यात डीएनए एकच असतो, पण वेगवेगळे भाग उघडे असल्याने एक पान होते आणि दुसरा गड्डा.

हे धागे केंद्रकात शेवयांसारखे एकमेकांत मिसळलेले असतील, असे आपल्याला वाटते. तसे नसते. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने 1909 मध्ये, जंतांच्या पेशी पाहून, प्रत्येक गुणसूत्र आपापला इलाखा धरून बसते असे मांडले होते. पुढे बरीच वर्षे ते मागे पडले. 1980 च्या दशकात एकेका गुणसूत्राला वेगळा रंग देता येऊ लागला, तेव्हा ते इलाखे सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसले.

आता हळदीकडे येऊ. बहुतेक झाडा-प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. हळदीत तीन आहेत. 21 चे तीन संच, एकूण 63. हळदीच्या गोतावळ्यात 42 आणि 84 गुणसूत्रे असलेली झाडेही सापडतात. अशा दोघांच्या संकरातून, एकाकडून 21 आणि दुसऱ्याकडून 42 येऊन, ही 63 झाली असावीत असे मानले जाते.

तीन संचांनी झाडाची वाढ अडत नाही. साध्या पेशीविभाजनात प्रत्येक गुणसूत्र स्वतःची एक नक्कल करते आणि दोन पेशींना एकेक प्रत जाते. यात कुणाला जोडीदार शोधावा लागत नाही. म्हणूनच गड्डा फुगतो, हळकुंडे सुटतात, सगळे सुरळीत चालते.

अडते ते फुलात. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करायची असते. त्यासाठी गुणसूत्रे आपले इलाखे सोडून हलू लागतात. त्यांची टोके केंद्रकाच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि सरकत सरकत, जुडी बांधावी तशी, एका जागी गोळा होतात. त्या गर्दीत सारखे गुणसूत्र आपल्या सारख्याला शोधते, जोडी जमते आणि मग एक इकडे, एक तिकडे जाते. हळदीत जोडीला तिसरा हजर असतो. कधी तिघेही एकत्र अडकतात, कधी दोघांची जोडी जमून तिसरा एकटा राहतो. मग एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, अशी वाटणी होते.

असे 21 ठिकाणी होते. सगळीकडे ‘एक’च किंवा सगळीकडे ‘दोन’च एका बाजूला जाण्याची शक्यता, साधा हिशेब मांडला तर, सुमारे साडेदहा लाखांत एक. बाकीच्या पेशींत काही गुणसूत्रे कमी, काही जास्त. अशातून धड बी होणे कठीण.

शेजारच्या अर्धापूरच्या केळीचेही असेच आहे. तिथे 11 चे तीन संच, म्हणून केळीत बी नाही. खाणाऱ्याची सोय झाली, पण सगळी बाग एकाच झाडाची नक्कल ठरते. विसाव्या शतकात पनामा मर रोगाने ‘ग्रो मिशेल’ ही निर्यातीची केळी जगभरातल्या बागांतून जवळपास हद्दपार केली, ती यामुळेच. हळदीतही एका वाणाचे बेणे म्हणजे एकाच झाडाच्या नकला, आणि कंदकूज तर बेण्यातूनच पुढच्या शेतात जाते. निरोगी बेणे निवडणे, बेणेप्रक्रिया करणे याला म्हणूनच इतके महत्त्व आहे.

मग नवा वाण येतो कुठून? बहुतेक वाण निवडीतून आलेले आहेत. तमिळनाडूत एरोडच्या स्थानिक हळदीवर क्ष-किरण सोडूनही वाण काढले गेले. आणि तो लाखातला अपवाद कधीकधी खरोखर घडतो. काही हळदींत थोडे बी धरते. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशाच बियांपासून वाढवलेल्या रोपांतून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण निवडले. एकदा चांगले रोप हाती आले की तिसऱ्या संचाची अडचण उरत नाही. गड्डे वाढवायचे आणि तेच लावत जायचे.