व्यक्तीला मान म्हणजे मनमानी नव्हे

ख्रिस्ती नीतिविचारातल्या पर्सनॅलिझमचा, म्हणजे व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचाराचा, विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, “म्हणजे ज्याची त्याची मर्जी! व्यक्ती मोठी केली की नियम गेले, समाजही गेला.” हे ऐकून आता खरंच वैताग येतो, कारण हा विचार उभाच राहिला तो अशा सुट्या, स्वतःपुरत्या माणसाच्या कल्पनेविरुद्ध.

विचारवंत एमान्युएल मूनिए यांनी १९३२ मध्ये फ्रान्समध्ये ‘एस्प्री’ हे नियतकालिक काढलं, तेव्हा मंदी होती आणि हुकूमशाह्या फोफावत होत्या. त्यांनी दोन गोष्टी नाकारल्या: आपल्यापुरतं बघणारा सुखवस्तू माणूस आणि माणसाला गिळणारी सत्ता. व्यक्ती घडते ती दुसऱ्याशी असलेल्या नात्यात, हा त्यांचा आग्रह होता. याची मुळं जुनी आहेत. बायबलच्या उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणूस देवाच्या प्रतिमेत घडला असं सांगितलंय, म्हणून त्याची प्रतिष्ठा कुणी बहाल केलेली नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. आणि एकाच देवातल्या तीन व्यक्ती, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, यांच्यातला भेद मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस नात्यांवरूनच समजावतात.

आता ‘नियम गेले’ या भागाकडे वळू. पुढे पोप झालेले कारोल वोयतिवा यांनी १९६० च्या ‘प्रेम आणि जबाबदारी’ या पुस्तकात मांडलं की माणूस ही वापरायची वस्तू नाही, त्याच्याशी वागण्याची योग्य रीत एकच, प्रेम. यातून नियम सैल झाले का? उलट! त्यांच्याच १९९३ च्या ‘वेरितातिस स्प्लेंदोर’ या परिपत्रकात म्हटलंय की काही कृत्यं हेतू चांगला असला तरी वाईटच असतात आणि सदसद्विवेकबुद्धी सत्य ओळखते, ते तयार करत नाही. मर्जीचं तत्त्वज्ञान असं बोलत नाही.

आणखीही आक्षेप ऐकू येतात. “हे सगळं तत्त्वज्ञ कान्टकडून उसनं घेतलंय.” कान्टचं ऋण वोयतिवा मानतात, पण माणसाला नुसतं साधन म्हणून न वापरणं, हे कान्टचं सूत्र, त्यांना पुरेसं वाटत नाही, त्याच्यावर प्रेम करायला हवं.

“हे फक्त कॅथलिकांचं आहे.” अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले मार्टिन ल्यूथर किंग मेथडिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेच्या बोस्टन विद्यापीठात पर्सनॅलिझमच शिकले. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात पत्र लिहायला घेतलं. कायदा न्याय्य की अन्याय्य हे ओळखण्याची त्यातली एक कसोटी हीच आहे: तो माणसाला उंचावतो की खाली ओढतो? वर्णभेदाचे कायदे तिथे नापास होतात.

“हे लग्न आणि शरीरसंबंधांपुरतंच.” नाही, ते कामालाही लागू होतं. वोयतिवा नाझींच्या ताब्यातल्या क्राकूवमध्ये दगडखाणीत राबले होते. पोप झाल्यावर १९८१ मध्ये काढलेल्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या परिपत्रकात ते म्हणतात की कामाची किंमत आधी ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, काम कोणतं यावरून नंतर. कामगारांचा संघटनेचा हक्क, आणि ठरावीक मर्यादेत संपाचाही, त्यात मान्य केलेला आहे.